लाइट गेली तरी वेळ न विसरणारं आर्केड घड्याळ: आरटीसी बसवण्याची सविस्तर कृती

पॅकमॅन किंवा स्पेस इन्व्हेडर्सच्या चित्रांचं टेबलावरचं घड्याळ दिसायला झकास असतं, पण प्लग काढला की त्याची स्मृती जाते. उपाय म्हणजे आत आरटीसी, म्हणजे बटन सेलवर वेळ मोजत राहणारी छोटी चिप, बसवणं. दुरुस्तीला हात घालण्याआधी एक साधी तपासणी करा. घड्याळाचा प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा आणि ते काय दाखवतं ते नीट पाहा. अर्धं निदान इथेच होतं.

१२:०० लुकलुकत असेल, तर आत तयार घड्याळाची चिप आहे आणि वीज जाताच तिची मेमरी पुसली जाते. पहाटेचे ५:३० दाखवत असेल, तर आत बहुधा ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप आहे आणि त्याला इंटरनेटवरून वेळ मिळालेली नाही. या चिपचं कालमापन १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सुरू होतं. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवले की पहाटेचे साडेपाच होतात. दर वेळी एकच विचित्र वेळ दिसत असेल, समजा दुपारचे ३:४७, तर तो प्रोग्रॅम चढवला गेला तो क्षण असतो. त्यामागच्या चुकीबद्दल पुढे सांगतो. आणि प्लग पाच मिनिटं काढून ठेवल्यावर घड्याळ बरोबर पाच मिनिटं मागे पडत असेल, तर वेळ कुठेतरी साठवली जातेय, पण वीज नसताना पुढे सरकत नाही.

परदेशातून आलेल्या जुन्या, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या घड्याळाचा आजार निराळा असू शकतो. अशी बरीच घड्याळं घरच्या विजेची आवर्तनं मोजून वेळ ठरवतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. ६०साठी बनवलेलं घड्याळ इथे तासाला १० मिनिटं मागे पडतं. ते बॅटरी बसवून सुधारत नाही, आणि त्याला व्होल्टेजचा कन्व्हर्टर लावूनही उपयोग होत नाही, कारण कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

मूळ आर्केड मशीनही विसरभोळीच होती. १९७८चं टायटोचं स्पेस इन्व्हेडर्स आणि १९८०चं नामकोचं पॅकमॅन या दोन्हींत रात्री मेन स्विच बंद केला की दिवसभराचा हाय स्कोअर पुसला जायचा. पुढे विल्यम्स कंपनीने १९८१च्या डिफेंडरच्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल बसवले आणि स्कोअर टिकायला लागले. मात्र वर्षानुवर्षं न बदललेले सेल गळून त्या बोर्डांचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतात, हे जुनी मशीन दुरुस्त करणारे लोक आजही अनुभवतात. बॅटरी बसवणं सोपं असतं. कोणती, कुठे आणि कशासाठी बसवायची, इथे लोक चुकतात.

या कामाचं मुख्य तत्त्व असं: वेळ मोजायला अगदी नगण्य वीज लागते, वेळ दाखवायला त्याच्या लाखो पट. एलईडीचा पडदा २००-३०० मिलिअँपिअर सहज ओढतो; वेळ मोजणाऱ्या चिपला सुमारे १ मायक्रोअँपिअर पुरतो. म्हणून संपूर्ण घड्याळ बॅटरीवर चालवण्याच्या मागे लागू नका. प्लग काढल्यावर पडदा खुशाल काळा होऊ दे. आत मोजणी चालू राहिली पाहिजे.

आधी उघडून पाहा

प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मगच स्क्रू सोडा. ५ व्होल्टच्या यूएसबी केबलवर चालणारं घड्याळ असेल तर काळजी नाही. पण घड्याळाच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर किंवा २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय असेल आणि तुम्हाला अशा कामाची सवय नसेल, तर झाकण परत लावा. छंदापायी शॉक खाण्यात शहाणपण नाही.

आत तीन गोष्टी शोधा. पहिली, नाण्याएवढ्या बटन सेलची जागा. बाजारातल्या बऱ्याच घड्याळांत सीआर२०३२ सेलची सोय मुळातच असते, आणि सेलवरची प्लॅस्टिकची पट्टी कुणी ओढून काढलेली नसते किंवा सेल मेलेला असतो. मल्टीमीटर लावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.७च्या खाली असेल तर तो बदला, आणि हा लेख इथेच बंद केलात तरी चालेल.

दुसरी, बोर्डावर ‘बॅट’ असं लिहिलेले पण मोकळे ठेवलेले दोन सोल्डर पॅड. कारखान्याने पैसे वाचवायला सेलची डबी गाळलेली असते, सर्किट मात्र तयार असतं. मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून अधिक चिन्हाच्या पॅडपासून चिपच्या पॉवर पिनेपर्यंत तपासा. एका दिशेने ०.२ ते ०.७ व्होल्ट दिसलं आणि उलट दिशेने काहीच दिसलं नाही, तर मधे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे आणि तिथे सेलची डबी निर्धास्त बसवता येते. डायोड नसेल तर सेल थेट जोडू नका. सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नव्हे. बाहेरून त्यात करंट घुसला तर तो फुगतो, गळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मेंदू. बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असेल तर त्याखाली सीलबंद चिप आहे, तिचा प्रोग्रॅम बदलता येणार नाही. ईएसपी३२ किंवा अर्डुइनो नॅनो, उनो, मेगा असा प्रोग्रॅम चढवता येणारा ओळखीचा बोर्ड दिसला, तर तुमचं नशीब चांगलं.

काळ्या गोळ्याच्या घड्याळाचं काय करायचं

दोनच मार्ग आहेत, आणि त्यातला पहिला मला फारसा आवडत नाही.

पहिला म्हणजे सगळ्या घड्याळालाच पर्यायी वीज देणं. यूएसबीचे ५ व्होल्ट आणि तीन अल्कलाइन पेन्सिल सेलचे ४.५ व्होल्ट दोन वेगवेगळ्या शॉटकी (कमी व्होल्टेज खाणाऱ्या) डायोडमधून एकत्र आणा; १एन५८१७ चालतो. डायोडचा पट्टा असलेला टोकाचा भाग घड्याळाकडे. यूएसबी चालू असताना तिकडचं व्होल्टेज जास्त असल्याने सेल गप्प बसतात; ती गेली की सेल पुढे येतात, तेही मधे क्षणभर न थांबता. साधा १एन४००७ वापरू नका, तो ०.७ व्होल्ट खातो आणि सेल थोडे उतरले की घड्याळ मान टाकतं. हा जुगाड दोन-चार तासांच्या भारनियमनाला पुरतो. पण २०० मिलिअँपिअरने ओढलं तर पेन्सिल सेल दहाएक तासांत संपतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून कोकणात गेलात तर परत येईपर्यंत सेल रिकामे आणि वेळही गायब.

पॉवर बँक मधे लावावी असं बऱ्याच जणांना सुचतं. दोन अडचणी येतात. घड्याळासारखा हलका भार दिसला की अनेक पॉवर बँका काही वेळाने आपणहून बंद होतात. शिवाय चार्जर लागताना किंवा निघताना त्यांचं आउटपुट क्षणभर तुटतं, आणि तेवढ्यात घड्याळ परत १२:००वर. वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस यापेक्षा बरा.

दुसरा मार्ग म्हणजे आतलं सगळं काढून टाकणं आणि बाहेरचं कॅबिनेट, अ‍ॅक्रिलिक, बटणं तेवढी ठेवून नवा मेंदू बसवणं. ईएसपी३२ आणि मॅक्स७२१९ या चिपवर चालणारी ८ बाय ३२ एलईडी ठिपक्यांची पट्टी बऱ्याच कॅबिनेटांत मावते. त्यात एक खोच आहे: मॅक्स७२१९ ५ व्होल्टवर असताना त्याला सिग्नल किमान ३.५ व्होल्टचा हवा असतो, ईएसपी३२ देतो ३.३. पुष्कळदा चालून जातं, पण मधेच पडद्यावर कचरा दिसू लागला तर दोष इथे शोधा. ७४एचसीटी१२५ ही चिप मधे टाकली की प्रश्न मिटतो. नवा मेंदू बसवला की पुढची सगळी कृती तुम्हालाही लागू.

आरटीसी म्हणजे काय, आणि कोणती घ्यायची

रिअल टाइम क्लॉक, म्हणजे आरटीसी, ही फक्त वेळ मोजणारी छोटी चिप. तिला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक ताल देतो. हा आकडा २चा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद मिळतो. मुख्य वीज गेली की चिप आपोआप बटन सेलवर जाते.

‘ईएसपी३२मध्ये आरटीसी आहेच की,’ असं कुणी म्हणेल. माहितीपत्रकात तो शब्द आहे खरा. पण मूळ ईएसपी३२मधली आरटीसी झोपेच्या काळापुरती असते, आणि तिला सेल जोडायला वेगळी पिन नाही. वीज गेली की तीही गेली. अर्डुइनो उनो (आर३पर्यंतचा) किंवा मूळ नॅनोत तर आरटीसी नाहीच. आणि अशा उनोच्या मुख्य चिपला ताल देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाला सात मिनिटं होतात. म्हणजे प्लग न काढताही असं घड्याळ चुकतंच.

बाजारात मुख्यतः दोन चिप दिसतात, डीएस१३०७ आणि डीएस३२३१. स्वस्त म्हणून डीएस१३०७ घेऊ नका. तिचा स्फटिक बाहेर, उघड्यावर असतो आणि तापमान बदललं की त्याची चाल बदलते. २० पीपीएमची (दहा लाखांत वीस भाग) चूक धरली तरी महिन्याला पाऊण-एक मिनिट जातं. शिवाय तिला ५ व्होल्टच लागतात. डीएस३२३१मध्ये स्फटिक चिपच्या पोटातच असतो, ती स्वतःचं तापमान मोजून चाल सुधारते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये २ पीपीएमच्या आत राहते. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त एखादं मिनिट. २.३ ते ५.५ व्होल्टपर्यंत काहीही चालतं. चिपवर नावापुढे ‘एसएन’ असेल तर ही अचूकता; ‘एम’ असेल तर ती थोडी वेगळ्या जातीची, ५ पीपीएमची, पण घरच्या घड्याळाला तीही पुरते.

अ‍ॅडाफ्रूट कंपनीच्या मोनोक्रॉन या पाँग खेळणाऱ्या घड्याळाच्या किटमध्ये डीएस१३०७ आणि बटन सेल आधीपासून होते. म्हणजे कल्पना नवी नाही, स्वस्त घड्याळांत ती गाळली जाते इतकंच.

सामान फार नाही: झेडएस-०४२ नावाने मिळणारं डीएस३२३१चं निळं मॉड्यूल, चांगल्या कंपनीचा सीआर२०३२ सेल, चार जंपर वायर, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, दुतर्फा चिकटपट्टी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत सगळं मिळतं. सेल मात्र सुट्या डब्यातला नको, सीलबंद पाकिटातला घ्या.

मॉड्यूलमधला छुपा दोष काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. झेडएस-०४२ मॉड्यूल एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी बनवलेलं आहे. त्यावर २०० ओहमचा रेझिस्टर आणि काचेचा डायोड यांचं एक बाळबोध चार्जिंग सर्किट असतं. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले की सेलवर साडेचार व्होल्टच्या आसपास पोचतात. सीआर२०३२साठी हे विषच. आणि एलआयआर२०३२ची मर्यादाही ४.२ व्होल्टची असल्याने तिचंही भलं होत नाही. म्हणजे मॉड्यूल ज्या सेलसाठी बनवलं, त्यालाही ते धड सांभाळत नाही.

उपाय दोन मिनिटांचा. सेल बसवण्याआधी मॉड्यूल उलटसुलट करून काचेचा नारिंगी डायोड शोधा. त्याच्या शेजारीच ‘२०१’ लिहिलेला इवलासा रेझिस्टर असतो. त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने आयर्न टेकवत राहा, सोल्डर दोन्हीकडे वितळला की तो सरकून बाहेर येतो. आयर्न नसेल तर धारदार कटरने डायोडचा एक पाय तोडा, परिणाम तोच. मग सेल न घालता मॉड्यूलला वीज द्या आणि सेलच्या डबीत मल्टीमीटर लावा. आधी दिसणारे साडेचार व्होल्ट गायब झाले असतील तर काम झालं.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांनी मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्यायचे आहेत. तिथे डायोडनंतर २.७च्या आसपासच उरतात, त्यामुळे सेल चार्ज व्हायची भीती कमी. तरीही रेझिस्टर काढाच. उद्या हेच मॉड्यूल तुम्ही दुसऱ्या कशाला तरी ५ व्होल्टवर लावाल.

कुणाकडे आधीपासून डीएस१३०७ आणि चार्ज होणारा सेल अशी जोडी असेल आणि चिप मधूनच उत्तर देत नसेल, तर त्याचंही कारण सांगून ठेवतो. मुख्य वीज सेलच्या सव्वा पटीपेक्षा खाली गेली की डीएस१३०७ बोलणं बंद करते. सेल ४.२ व्होल्टला चढला तर सव्वा पट म्हणजे ५.२५, तुमची वीज ५ व्होल्ट. मग चिपला वाटतं की लाइट गेलेलीच आहे.

जोडणी

तारा चारच: वीज, ग्राउंड, एसडीए (माहितीची तार) आणि एससीएल (तालाची तार). मॉड्यूलवरच्या ‘एसक्यूडब्ल्यू’ आणि ‘३२के’ या पिना मोकळ्या सोडा.

ईएसपी३२वर एसडीए २१ नंबरला आणि एससीएल २२ नंबरला. मॉड्यूलवर सिग्नलच्या तारा वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे ४.७ किलोओहमचे पुलअप रेझिस्टर असतात आणि ते तुम्ही दिलेल्या विजेला बांधलेले असतात. म्हणून मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर सिग्नलच्या तारांवरही ५ चढतात, आणि ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या. हे टाळायला मॉड्यूलची वीज ३.३च्या पिनेवरूनच घ्या. ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या हब७५ (जोडणीचा एक प्रकार) एलईडी पॅनेलवर पॅकमॅन किंवा मारिओचं घड्याळ करणारे बरेच प्रकल्प ज्या डीएमए लायब्ररीवर (तयार प्रोग्रॅमच्या संचावर) चालतात, तिच्या मूळ मांडणीत २१ आणि २२ या पिना वापरलेल्या नाहीत. त्यामुळे पॅनेलच्या एकाही तारेला धक्का न लावता आरटीसी बसते.

अर्डुइनो नॅनो आणि उनोवर एसडीए ए४ला, एससीएल ए५ला. वीज ५ व्होल्टची. मेगावर २० आणि २१. उनोवर थेट खोचायचा टीएफटी पडदा असेल तर थांबा. त्यातले बरेचसे पडदे ए४ पिन पडद्याच्या रीसेटसाठी वापरतात, आणि आरटीसीलाही तीच हवी असते. उनोच्या दुसऱ्या टोकाला एसडीए-एससीएल नावाच्या वेगळ्या पिना दिसतात, पण त्या आतून ए४-ए५च आहेत, फसू नका. पडद्याची ए४ची पिन वाकवून बाहेर काढायची आणि तारेने उनोच्या रीसेट पिनेला जोडायची, हा एक उपाय. मेगा बोर्ड घेणं जास्त सोपं.

तारा वीतभर लांबीच्या ठेवा. हब७५ पॅनेलच्या जाड वीजवाहक तारांना समांतर बांधू नका, पॅनेलचा झटका सिग्नलमध्ये उतरतो. ग्राउंड सगळ्यांचा एकच हवा. नंतर सेल घाला, अधिक चिन्ह वर. सेलच्या कडांना चिमटीत धरा. सपाट भागावर बोटांचा घाम लागला की गळती वाढते.

एक बारीक गोष्ट: नव्या डीएस३२३१ला नुसता सेल लावून ती चालू होत नाही. पहिल्यांदा मुख्य वीज मिळाली की मगच तिचा स्फटिक थरथरू लागतो. कारखान्यातून निघाल्यावर गोदामात पडून असताना सेल वाया जाऊ नये, म्हणून ही सोय. तेव्हा सेल बसवल्यावर घड्याळ एकदा प्लगला लावायचंच.

प्रोग्रॅममध्ये बदल

सगळ्यांत आधी आय-टू-सी (एसडीए-एससीएल या दोन तारांवरची संवादपद्धत) स्कॅनरचा तयार प्रोग्रॅम चालवा. हेक्स ६८ हा पत्ता दिसला पाहिजे, तो आरटीसीचा. सोबत ५७ दिसेल, तो मॉड्यूलवरच्या ईईप्रॉम मेमरीचा. काहीच दिसलं नाही तर एसडीए आणि एससीएल उलटसुलट झालेत का पाहा; दहापैकी नऊ वेळा तेच असतं.

मग आरटीसीलिब ही लायब्ररी टाका. तिच्या उदाहरणांत ‘अ‍ॅडजस्ट’ या आज्ञेने प्रोग्रॅम संकलित झाल्याची वेळ आरटीसीत लिहिली जाते. सुरुवातीला मी म्हटलेली ३:४७ची भानगड इथून येते. ही ओळ सेटअपमध्ये कुठल्याही अटीशिवाय ठेवली की दर वेळी लाइट आल्यावर आरटीसीतली खरी वेळ पुसली जाते आणि जुनी वेळ लिहिली जाते. सेल ठणठणीत, चिप ठणठणीत, आणि घड्याळ मात्र चुकीचं. ‘लॉस्टपॉवर’ हे फंक्शन होय म्हणालं तरच अ‍ॅडजस्ट करायचं, अशी अट घाला. डीएस३२३१ स्वतःचा स्फटिक मधे थांबला होता का, हे एका बिटमध्ये नोंदवून ठेवते. लॉस्टपॉवर तोच बिट वाचतं, आणि अ‍ॅडजस्ट केलं की तो साफ होतो.

ईएसपी३२वर इंटरनेटची वेळही असते, म्हणून क्रम महत्त्वाचा. वीज येताच आधी आरटीसी वाचा. तिची वेळ भरवशाची असेल तर ती थेट प्रणालीच्या घड्याळात बसवा आणि पडदा रंगवायला घ्या. एवढ्याला सेकंदही लागत नाही. वायफाय त्यानंतर, मागच्या मागे. पुष्कळ तयार प्रोग्रॅमांत ‘वायफाय जोडलं जाईपर्यंत इथेच थांब’ असा एक फेरा असतो, तो काढून टाका. लाइट येते तेव्हा राउटरही नुकताच जागा होत असतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तोवर पॅकमॅन काळ्या पडद्यामागे अडकून बसतो. नेटवरून वेळ मिळाली की ती दिवसातून एकदा आरटीसीत लिहा. त्यापेक्षा जास्त वेळा लिहिण्याची गरज नाही. लिहिण्याआधी साल तपासा. १९७० किंवा असं काही अचाट आलं तर ते आरटीसीत जाऊ देऊ नका. आरटीसी सापडलीच नाही तर खोटी वेळ दाखवण्यापेक्षा चार आडव्या रेघा दाखवाव्यात. चुकीची वेळ ठामपणे सांगणारं घड्याळ बंद घड्याळापेक्षा वाईट.

आरटीसीत भारतीय वेळ ठेवायची की जागतिक यूटीसी? साध्या नॅनोच्या घड्याळाला भारतीय ठेवा, सुटसुटीत पडतं. ईएसपी३२ असेल तर यूटीसीच ठेवा आणि दाखवताना १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवा. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना तर यूटीसीला पर्याय नाही. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढेमागे होतं. आरटीसीत स्थानिक वेळ ठेवली तर प्लग काढलेला असताना झालेला तो बदल तिला कळणार नाही. टाइमझोनच्या ओळीत एक उलटी गंमत आहे: भारतासाठी साडेपाचच्या मागे अधिक नव्हे, वजा चिन्ह लागतं. त्या पद्धतीत ‘यूटीसी मिळवायला काय करावं’ हे लिहितात. अधिक लिहिलंत तर घड्याळ अकरा तास मागे दिसेल.

आरटीसी प्रत्येक फ्रेमला वाचू नका. भुतांची पळापळ अडखळायला लागते. हालचाल चिपच्या स्वतःच्या मिलिसेकंदांवर चालवा आणि मिनिटाला एकदा आरटीसी विचारा.

अलार्मची वेळ आणि उजेडाची पातळी वेगळी जपावी लागते, हे विसरायला होतं. आरटीसी फक्त वेळ सांभाळते. ईएसपी३२वर ‘प्रेफरन्सेस’मध्ये, म्हणजे तिच्या कायम मेमरीत, ठेवा; नॅनोवर मॉड्यूलच्याच ४ किलोबाइटच्या ईईप्रॉममध्ये, जी वीज नसताना सेलशिवायही लक्षात ठेवते. मूल्य बदललं तरच लिहा. तुमच्या घड्याळात खेळायची सोय असेल तर हाय स्कोअरही तिथेच टाका.

चाचणी

मोबाइलची वेळ समोर ठेवून सेकंदापर्यंत जुळवा. वायफाय बंद करा, नाहीतर नेटची वेळ येऊन आरटीसीचे दोष झाकून टाकेल. प्लग काढा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी लावल्यावर वेळ बरोबर असेल तर झालं. रात्रभराएवढंच मागे पडलं असेल तर सेलवर असताना स्फटिक थांबतोय. चिपच्या नियंत्रण रजिस्टरचा (सेटिंग साठवणाऱ्या छोट्या कप्प्याचा), हेक्स ०ई पत्त्यावरचा, सर्वांत वरचा बिट १ झालेला असू शकतो. तो ० करा. तो बिट ० असूनही लॉस्टपॉवर होय म्हणत असेल तर बहुधा सेलपासून चिपपर्यंत वीजच पोचत नाही: डबीची पत्ती ढिली आहे किंवा सेल उलटा बसलाय.

मग पंधरा दिवस वायफायशिवाय चालवा. ‘एसएन’ चिप असेल तर तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडू नये. पंधरा दिवसांत अर्धं मिनिट गेलं तर चिप अस्सल नाही, परत करा. दोन-तीन सेकंदांचाच फरक असेल आणि तुम्ही हौशी असाल, तर हेक्स १० पत्त्यावरच्या एजिंग रजिस्टरमध्ये आकडा भरून तो घटवता येतो. एक एकक म्हणजे सुमारे ०.१ पीपीएम, धन आकडा चाल मंद करतो, ऋण आकडा वाढवतो.

सेल, मुलं आणि झाकण

सीआर२०३२मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. डीएस३२३१ सेलवर कमाल ३ मायक्रोअँपिअर घेते असं धरलं, तरी सतत प्लगविना आठ वर्षं निघतात. घड्याळ एरवी प्लगलाच असतं, त्यामुळे सेल संपण्याआधी म्हातारा होतो.

असं घड्याळ बहुतेक मुलांच्या खोलीत जातं, म्हणून सेल हाताला लागेल असा ठेवू नका. बटन सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. मॉड्यूल कॅबिनेटच्या आत चिकटवा आणि झाकणाला स्क्रूच असू द्या, नुसती खिटी नको. जुना सेल टाकताना दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

मॉड्यूल पॉवर रेग्युलेटरपासून दूर, शक्यतो कॅबिनेटच्या तळाशी लावा. डीएस३२३१ तापमान सांभाळून घेते, पण सेलला उष्णता सोसत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत सेलच्या पत्त्यांवर हिरवट थर चढतो, तो वर्षा-दोन वर्षांनी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. सेल बदलायचा झाला तर घड्याळ प्लगला लावलेलं असतानाच बदला, म्हणजे वेळ हरवत नाही. हे फक्त यूएसबीवर चालणाऱ्या घड्याळात करायचं, आणि चिमटा वापरायचाच तर प्लॅस्टिकचा. नव्या सेलवर मार्करने महिना आणि साल लिहून ठेवा.